ऑकलंड–उमरखेड, मार्गे मुकुटबन

उमरखेड, जि. यवतमाळ
११ फेब्रुवारी २००७

प्रिय भाऊ धर्मपाल यास,

ताईचा सप्रेम जयभीम आणि ओंजळभर आशीर्वाद. साधनाला माझा जयभीम सांग, चि. संघर्षचा एक मुका घे (तो आता मोठा झाला आहे आणि मुके घेऊ देत नाही, हे साधनाने मला सांगितलं आहे. तरी घे, आत्याचा आहे म्हणून सांग). आम्ही इकडे खुशाल आहोत. माझे गुडघे सोडले तर घरात कुरकुर करणारं कोणी नाही. तुझे भाऊजी एसटीतून निवृत्त झाले त्याला दीड वर्ष होईल, पण अजून दारातून गाय हलत नसली तर तिला 'पुढे सरका' म्हणतात. तुझी तब्येत कशी आहे? फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला. तिकडे उन्हाळा कधी आणि थंडी कधी हे मला अजून पाठ होत नाही. आम्ही रजया काढतो तेव्हा तुम्ही पंखे लावता, एवढं लक्षात ठेवलं आहे. तरी घसा जप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

आता कामाचं लिहिते. गेल्या महिन्यात वैष्णवीचं लग्न जमल्याचं मी तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू आधी हसलास, मग खोकलास आणि मग म्हणालास, "ताई, लय दूर आहे वं इथून. जमन असं वाटत नाही." मी काही बोलायच्या आत फोन कटला (तू कापलास की समुद्राने, याची चौकशी मी करणार नाही). सहा वर्षं झाली तू घरी आलेला नाहीस. मधे एकदा, बाबांच्या वेळी, निघाला होतास. सिंगापूरपर्यंत आलास, तिथे अंत्यविधी आटोपल्याचं कळलं आणि तिथूनच मागे फिरलास. त्याविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवून बसले आहे, म्हणून पुढे जाते. मला एवढंच म्हणायचं आहे की दूर म्हणजे किती, हे तू सांगितलं नाहीस. आपली आई म्हणायची, ज्याला यायचं नसतं त्याला मागची गल्लीही लांब पडते. तेव्हा मी म्हटलं, आपणच मोजून घ्यावं. भाचीच्या मामाची वाट किती लांब आहे हे एकदा कळलं, म्हणजे रागवायचं की पोळ्या लाटायच्या ते ठरवता येईल.

पहिली चौकशी अर्थात तुझ्या भाऊजींकडे. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. जिल्ह्यातल्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर त्यांना झोपेतून उठवून विचारावं आणि उत्तर ऐकून पुन्हा झोपवावं. ऑकलंड म्हटल्यावर मात्र त्यांनी मलाच विचारलं, कोणत्या डेपोत येतं. वैष्णवीने सांगितलं की बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. हे ऐकताच त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि अंगणात काडीने हिशेब मांडला. साधी गाडी, गावोगाव थांबा, दोन ड्रायव्हर आलटून पालटून, जेवणाची सुट्टी, वाटेत टायर पंक्चर होणारच ते धरून, वीस-बावीस दिवसांच्या आत तुझा भाऊ येत नाही, असा त्यांनी निकाल दिला. मधला समुद्र त्यांनी धरलाच नव्हता. मी तो दाखवून दिला तेव्हा म्हणाले, "पूल झाला असन आतालोक." मग वैष्णवीने विमानाचा वेग सांगितला आणि काडी थांबली. हवेतले सगळे मिळून पंधरा-सोळा तास. म्हणजे आपल्याकडून मुंबईला जाणाऱ्या रातराणीएवढे. त्यांना आधी आनंद झाला आणि मग वाईट वाटलं, कारण एवढ्या वेगाच्या गाडीत बिचाऱ्या कंडक्टरला सगळी तिकिटं फाडायला वेळ कसा मिळत असेल.

मी म्हटलं, याला दुसरा पुरावा पाहिजे. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. (आमची अंगणवाडी आणि त्यांची शाळा यांचं उसनवार चालतं. ते आमचा वजनकाटा नेतात, आम्ही त्यांची पृथ्वी आणतो.) या गोलाला एक भला मोठा पोचा आहे, कारण कोणीतरी कधीतरी त्याला चेंडू समजून लाथ मारली आहे, आणि तुझा देश नेमका त्या पोच्यात गेला आहे. आम्ही कापसाचा दोरा घेतला. एक टोक वैष्णवीने उमरखेडवर धरलं (उमरखेड गोलावर दिलेलं नाही, पण भारताच्या पोटात जिथे तिला आपलं घर वाटलं तिथे तिने बोट ठेवलं) आणि दुसरं टोक मी खड्ड्यात सोडलं. दोरा काठावरून ताणला तर वीतभर होतो, खड्ड्यात उतरवला तर दीड वीत. भोवती अंगणवाडीची लेकरं जमली होती. त्यातल्या एकीने विचारलं, "मामा त्या गड्ड्यात पडला काय?" मी म्हटलं हो, आणि आपण त्याला दोराने वर काढून राहिलो. मग सगळ्यांनी दोरा ओढला, तो तुटला, आणि अंतराचं काम तिथेच राहिलं.

पण भाऊ, खरी गंमत पुढेच आहे. ती सांगायला माझा पेन कागदाच्या पुढे धावतो आहे. तुला पेपरातून कळत असेलच की सध्या आपला जिल्हा जगभर गाजतो आहे. कापसाने जी दैना केली ती मी हसण्यावारी नेत नाही, ओळखीच्या घरांत काय काय झालं ते तुला फोनवर सांगितलंच आहे. पण ती दैना बघायला येणाऱ्यांचा आता एक वेगळाच हंगाम सुरू झाला आहे. एसटी वेळेवर येत नाही, समिती येते. मागे एकदा हेलिकॉप्टर उतरवायला जागा पाहिजे म्हणून फुलचंदच्या शेतातली उभी पऱ्हाटी काढली, आणि उतरलेल्या साहेबांनी खाली बघून विचारलं की या शेतात कापूस का लावला नाही. फुलचंद तेव्हापासून आभाळात काही वाजलं की आधी शेतात जाऊन उभा राहतो.

तर या हंगामात जानेवारीत आमच्या अंगणवाडीत एक बाई आल्या. मार्गारेट त्यांचं नाव, साठीच्या पुढच्या, कुठल्याशा मासिकात लिहितात, सोबत नागपूरचा एक दुभाषा. त्यांनी लेकरांची वजनं करताना पाहिलं, मला शंभर प्रश्न विचारले आणि दुपारी आपल्या घरी भाकर खाल्ली. जवसाची चटणी त्यांनी तेलाशिवाय घेतली, त्यामुळे काही वेळ मुलाखत बंद राहिली. डोळे पुसत त्यांनी सांगितलं की त्या सिडनीच्या. घरच्या कुत्र्याला सकाळी खाऊ घालून निघाल्या आणि त्याच रात्री मुंबईत उतरल्या. सगळ्या प्रवासात लांब वाटला तो नागपूर ते उमरखेड, जीपमधून. धर्मपाल, माझा हात ताटात तसाच राहिला. सिडनी म्हणजे तुझ्या शेजारचंच गाव. ज्या बाईची इथे भाची नाही, बहीण नाही, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही, ती बाई एवढं उडून आमची बोंडं बघायला येते. मला इतका राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी त्यांना न विचारता आणखी एक भाकर वाढली.

पुढे जे झालं त्यात माझी चूक नाही. एसटीवाल्याच्या घरात नांदलेल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं. आपल्याकडे डबा असो, औषध असो, स्टँडवर जायचं, त्या बाजूला निघालेल्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, पलीकडच्या स्टँडवर आपला माणूस उभा असतो. तुझ्या भाऊजींनी आयुष्यात किती बाळंतिणींचे लाडू पोचवले असतील. मी पटकन आत गेले. लोणच्याची बरणी, जवसाची चटणी, ज्वारीचे पापड आणि तुझ्या उशीसाठी नव्या हंगामातला कापूस असं एक गाठोडं बांधलं, वर तुझं नाव घातलं आणि मार्गारेटबाईंना म्हटलं की सिडनीला उतरलात की ऑकलंडच्या विमानाच्या कंडक्टरजवळ द्या, धर्मपाल स्टँडवर येईल. दुभाष्याने हे इंग्रजीत सांगायला नको तेवढा वेळ लावला. बाई आधी हसल्या, मग माझं तोंड बघून गंभीर झाल्या. त्यांनी समजावून सांगितलं की सिडनी आणि तुझं गाव यांच्यामध्ये विमानाची तीन तासांची वाट आहे आणि सगळं पाणीच आहे, आणि तुमच्या देशात तर बुटाला लागलेली मातीसुद्धा तपासून उतरवतात, तिथे आपलं लोणचं कुठे टिकणार. गाठोडं परत माझ्याकडे आलं. पण जाताना त्यांनी त्यातली चटणी चमचाभर खाल्ली (या वेळी तेल घालून) आणि म्हणाल्या, एवढी मी नेते, ही कोणी उतरवू शकत नाही. मला बाई फार आवडल्या.

आता मुकुटबन. वैष्णवीला जो मुलगा पसंत पडला तो अमर, मुकुटबनचा, शाळेत मास्तर आहे, स्वभावाने थंड. त्याचे वडील उकंडाजी. तारीख ठरवायला म्हणून मी आणि तुझे भाऊजी तिकडे निघालो. जिल्हा तोच, कलेक्टर तोच. सकाळी अंधारात उमरखेड सोडलं. पुसदला गाडी बदलली. यवतमाळला पुढची गाडी लागायची होती ती लागली नाही, आणि लागली तेव्हा ड्रायव्हर जेवायला गेला होता. वणीच्या अलीकडे तुझ्या भाऊजींचं कंडक्टरशी वाजलं, कारण त्याने घंटीची दोरी चुकीची ओढली असं यांचं म्हणणं. त्याने यांना उतरवायची धमकी दिली, तेव्हा यांनी आपला जुना बिल्ल्याचा नंबर सांगितला, मग दोघं गळ्यात गळे घालून बसले आणि गाडी थोडा वेळ घंटीशिवायच चालली. मुकुटबनला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ओसरीवर बसताना माझे गुडघे वाजले आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी कुत्र्याला खाऊ घालून निघालेली मार्गारेटबाई एवढ्या वेळात समुद्र ओलांडून पार पलीकडे निघून गेली असती. आणि मी जिल्ह्याबाहेरसुद्धा पडले नव्हते.

त्या आनंदात मी उकंडाजींना सरळ सांगून टाकलं की लग्नाची तारीख माझ्या भावाच्या विमानावर ठरेल. ते जरा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मुहूर्त तं आपन कवाच सोडला बाई, पन पाहुण्याइले तारीख तं सांगा लागते न बाप्पा. इमान दिसल्यावर मी मांडव टाकू काय?" मी म्हटलं, टाकायचा. बाबा छपन्न साली नागपूरला गेले होते, आधी बैलगाडी, मग पायी, मग मिळेल ते, आणि दीक्षा घेऊन परत आल्यावर त्यांनी घरातलं पंचांग चुलीत घातलं. आपल्याला ग्रह अडवत नाहीत, तिथी अडवत नाही, मग आपल्याला अडवतं ते काय? वऱ्हाडी मंडळींचा एकच नियम असावा, मामा आला की लग्न. माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं. आत बसलेल्या बायका दारात आल्या होत्या. अमरची आजी म्हणाली, "पोरीच्या मायचं खरं आहे, थांबा त्याच्यासाठी." तेव्हा उकंडाजींनी सुपारी तोंडात टाकली आणि सांगितलं की मार्चअखेरपर्यंत थांबतो, पुढे शाळेच्या परीक्षा, मग मांडववाला मिळत नाही. तर धर्मपाल, तू आता 'त्या तारखेला सुट्टी नाही' असं म्हणू शकत नाहीस. तारीख तुझीच आहे. मुहूर्ताच्या घरात जन्मला असतास तर सुटला असतास.

आम्ही परत आल्यावर वैष्णवी पुसदला गेली, तेव्हा तिने कॉम्प्युटरवर विमानाच्या वेळा बघून छापून आणल्या. त्यावरून घरात जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. येताना तू दुपारी निघतोस, सिंगापूरला गाडी बदलतोस आणि त्याच तारखेच्या रात्री मुंबईत उतरतोस. जाताना मुंबईहून रात्री निघतोस आणि पोचतोस ते थेट दुसऱ्या रात्री. यायला अर्धा दिवस आणि जायला पुरा दिवस. तुझ्या भाऊजींनी कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "रस्ता एक, गाडी एक, मंग जायले इतका उशीर कायले? मधात घाट आहे काय?" वैष्णवीने बशीभोवती कप फिरवून सूर्य आणि पृथ्वी समजावून सांगितली. घड्याळं वेगळी असतात, येताना आपण सूर्याबरोबर धावतो म्हणून दिवस लांबतो, तास दोन्हीकडून जवळपास तेवढेच. हे म्हणाले, हे सगळं डेपोवाल्यांनी वेळापत्रक झाकायला काढलेलं आहे, परतीचा ड्रायव्हर ओव्हरटाइम करत असेल. मला मात्र वैष्णवीचं पटलं, आणि त्यातून मला जे दिसलं ते या दोघांनाही दिसलं नाही. भाऊ, तू इकडे यायला निघालास की सूर्य तुझ्यासाठी थांबतो. दिवस संपायलाच तयार नसतो, म्हणतो, याला घरी पोचू दे आधी. आणि परत निघालास की तोच तुझा दिवस कापून घेतो. मी शाळेत भूगोलात नापास झाले होते हे तुला माहीत आहे, पण एवढा भूगोल मला नीट समजला.

तर अशी सगळी मोजणी झाली. दोऱ्याने वीतभर, एसटीने वीस-बावीस दिवस, विमानाने एक लांबलचक दुपार. घरात कामं खूप आहेत. वैष्णवी वरून हसते, पण तुझा फोन येतो तेव्हा स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकते. तिने अमरला सांगून ठेवलं आहे की माझा मामा येणार. मी तिला कधी तसं सांगितलेलं नाही. मी फक्त अंतर मोजते आहे.

साधनाला आणि संघर्षला पुन्हा जयभीम. पत्र पोचल्याचा फोन कर.

तुझी,
इंदूताई

ता. क. हे पत्र विमानानेच येतं, म्हणजे माझा कागद येऊ शकतो त्या वाटेने तुलाही येता येतं, हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. तुमच्याकडे बुटाची माती चालत नाही ना, तर जाताना तुझे बूट मी स्वतः घासून देईन. येताना कसेही आण.

ता. क. मार्गारेटबाईंनी नागपूरहून निघायच्या आधी दुभाष्याकडून फोन करून लग्नाची तारीख विचारली. त्या येणार आहेत. तू नाहीच आलास तर मामाच्या जागी त्या उभ्या राहतील, मी विचारून घेतलं आहे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मामाला काय काय करावं लागतं. मी सांगितलं, विशेष काही नाही, फक्त असावं लागतं.

ता. क. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण कागदाला जागा उरली आहे. बाबा गेले त्या दिवशी मी पुसदला होते, वैष्णवीच्या कॉलेजच्या कामाला. तुझे भाऊजी ड्युटीवर होते. शेजारच्या रुपीबाईने स्टँडवर निरोप पाठवला, मी मिळेल त्या गाडीने निघाले आणि घरी आले तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटचं पाणी रुपीबाईने पाजलं. पुसद आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे, धर्मपाल, आणि मला पोचता आलं नाही. तू तर अर्धं जग ओलांडून सिंगापूरपर्यंत आला होतास. मला चार वर्षं वाटत होतं की तुला हे माहीत आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर खोकलास तेव्हा कळलं की माहीत नाही.

हे पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "त्याले लिव्ह, गाडी वाटेत बंद पडली तं पाशिंजरले त्याच तिकिटावर मांगच्या गाडीत बसवतेत. सिंगापूरच्या इकडचं त्याचं तिकीट अजून बाकी आहे." तेव्हा ये.